एक ‘चार्ज’, अनेक कागद
इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काढण्याची सात पायऱ्यांची पद्धत

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कोणत्याही घरातली कागदांची पिशवी उघडा. वीजबिलावर ‘चार्ज’ आहे, बँकेच्या कर्जाच्या पत्रात ‘चार्ज’ आहे, दवाखान्याच्या पावतीवर आहे, पोलिस ठाण्यातून आलेल्या कागदावर आहे आणि मुलाच्या सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही आहे. स्पेलिंग सगळीकडे तेच असते. अर्थ मात्र इतका बदलतो की एका कागदावर थोडे पैसे जातात, दुसऱ्यावर जमीन अडकते आणि तिसऱ्यावर माणूस आरोपी होतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी इंग्रजी शब्द जोडीने पाठ केलेले असतात: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ. ‘चार्ज म्हणजे शुल्क’ अशी ओळ वहीत लिहिली की शब्द झाला, असे वाटते. मग ‘द लेपर्ड चार्ज्ड ॲट द फार्मर’ हे वाक्य आले की बिबट्याने शेतकऱ्याकडून शुल्क घेतले की काय, असा प्रश्न पडतो. समानार्थी शब्दांची लांबलचक यादी पाठ करूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या यादीतले शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

खाली दिलेली पद्धत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि घरातले इंग्रजी कागद वाचावे लागणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. एक वही, एक पेन आणि घरातले चार-पाच जुने कागद एवढेच साहित्य लागते.

पायरी १ : आपल्या तोंडात असलेले अर्थ आधी लिहून काढा

शब्दकोश उघडण्याआधी स्वतःच्या बोलण्याकडे कान द्या. ‘चार्ज’ आपण रोज वापरतो आणि बरोबर वापरतो. मोबाइल चार्जिंगला लावतो. नवे तहसीलदार चार्ज घेतात. मोर्चावर लाठीचार्ज होतो. पोलिस चार्जशीट दाखल करतात. हॉटेलवाला सर्व्हिस चार्ज लावतो. शाळेत मुख्याध्यापक रजेवर गेले की एखादे सर इनचार्ज होतात. रानडुकरे आणि इतर जनावरे पिकात शिरू नयेत म्हणून बांधावर लावलेल्या झटका मशीनची बॅटरी चार्ज करावी लागते.

वहीच्या पहिल्या पानावर हे सगळे वापर एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे शुद्ध मराठी प्रतिशब्द मांडा: पदभार, लाठीमार, दोषारोपपत्र, सेवाशुल्क, प्रभारी. इंग्रजीचे एक अक्षर न वाचता तुमच्याकडे सहा-सात अर्थ जमा झालेले असतील. ज्यांना वाटते की आपले इंग्रजी कच्चे आहे, त्यांच्यासाठी ही पायरी महत्त्वाची आहे. अर्थ माहीत असतात, ते एका जागी मांडलेले नसतात, एवढेच.

पायरी २ : सगळ्या अर्थांच्या मुळाशी असलेले चित्र पकडा

‘चार्ज’ इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिन ‘कार्रुस’ म्हणजे गाडी, आणि त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ गाडीत माल भरणे, ओझे लादणे. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. म्हणजे ‘चार्ज’च्या मुळाशी एकच कृती आहे: कुणावर तरी किंवा कशावर तरी भार ठेवणे.

आता हे चित्र एकेका अर्थाला लावून बघा. पैशांचा भार ठेवला की आकार किंवा शुल्क. जबाबदारीचा भार ठेवला की पदभार. गुन्ह्याचा भार ठेवला की दोषारोप. जमिनीवर कर्जाचा भार ठेवला की बोजा. बॅटरीत वीज भरली की चार्जिंग. विहिरीच्या खडकात सुरुंगाची दारू भरली की तीही ‘चार्ज’, आणि तोफेत ठासलेली दारूही ‘चार्ज’च. हल्ला या अर्थाकडे हे चित्र जरा वळणाने जाते, पण सगळ्या अंगाचा भार टाकून समोरच्यावर तुटून पडणे असे लक्षात ठेवले तर तोही विसरत नाही.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे, जी इंग्रजी पाठ्यपुस्तक सांगत नाही. संस्कृत ‘भृ’ धातूपासून आलेल्या आपल्या शब्दांनी जवळजवळ हाच प्रदेश व्यापला आहे. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार, विजेचा मंजूर भार, भारनियमन, विद्युतप्रभार, भूजल पुनर्भरण, मंत्राने भारलेले वातावरण हे सगळे एका घरातले शब्द आहेत. ‘आरोप’ या शब्दाचा मूळ अर्थही वर ठेवणे, चढवणे असाच आहे. वृक्षारोपणात रोप जमिनीत बसवतात, दोषारोपात दोष माणसावर बसवतात. म्हणून ‘चार्ज’ शिकताना ‘भार’ हा शब्द पानाच्या मध्यभागी लिहा आणि सगळे अर्थ त्याच्याभोवती मांडा. पाठांतराचे काम निम्म्याने कमी होते.

पायरी ३ : शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते बघा

अर्थ ठरवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे ‘चार्ज’च्या मागे-पुढे आलेला छोटा शब्द. हे सहा शेजार वहीत स्वतंत्र पानावर लिहून ठेवा.

‘चार्ज फॉर’ आला की पैशांची गोष्ट आहे. ‘ही चार्ज्ड मी हंड्रेड रुपीज फॉर द ट्रिप’ म्हणजे त्या फेरीचे त्याने माझ्याकडून शंभर रुपये घेतले.

‘चार्ज्ड विथ’ आला की बहुधा गुन्ह्याची गोष्ट. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा दोषारोप ठेवला गेला. कधी ‘विथ’पुढे गुन्ह्याऐवजी काम येते, तेव्हा अर्थ कामगिरी सोपवणे असा होतो.

‘चार्ज ॲट’ आला की अंगावर धावून जाणे.

‘चार्ज ऑन’ आणि पुढे जमीन, घर किंवा मालमत्ता आली की बोजा.

‘चार्ज टु’ आणि पुढे खाते किंवा नाव आले की रक्कम त्या खात्यावर मांडणे, नावे टाकणे.

‘इन चार्ज ऑफ’ आला की जबाबदारी. इथे एका ‘द’ने माणसांची अदलाबदल होते, हे नीट बघा. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही मूल नर्सच्याच ताब्यात आहे. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण पहिल्यात सांभाळणारा आधी येतो आणि दुसऱ्यात सांभाळला जाणारा. ‘द’ चुकीच्या जागी घातला की दीड वर्षाचे मूल नर्सला सांभाळू लागते.

पायरी ४ : हातातला कागद ओळखा

शेजारचा शब्द नसेल, नुसते ‘चार्ज’ किंवा ‘चार्जेस’ लिहिलेले असेल, तर तो कागद कुठल्या कार्यालयातून आला ते बघा. कागदाचा मालक कळला की अर्थ कळतो.

वीजबिल : महावितरणचे मराठी बिल या कामासाठी उत्तम पाठ्यपुस्तक आहे. त्यात ‘चार्ज’साठी ‘आकार’ हा शब्द आहे: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. स्थिर आकार वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो, वीज आकार वापरलेल्या युनिटवर असतो आणि वहन आकार वीज तारांतून आणून पोचवण्याचा असतो. त्याच बिलावर ‘वीज शुल्क’ नावाची वेगळी ओळ आहे. इंग्रजीत तिथे ‘चार्ज’ येत नाही, ‘ड्युटी’ येते, कारण ती रक्कम सरकारची असते. एकाच बिलावर आकार आणि शुल्क हे दोन शब्द वेगळे का, याचे उत्तर पैसे शेवटी कुणाकडे जातात यात आहे.

बँक आणि सातबारा : कर्जाच्या पत्रात ‘चार्ज’ दिसला की दोन शक्यता तपासा. ‘प्रोसेसिंग चार्जेस’ असेल तर ती रक्कम आहे. ‘चार्ज ऑन द लँड’ किंवा ‘क्रिएशन ऑफ चार्ज’ असेल तर तो बोजा आहे आणि तो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढतो. विकास सोसायटीच्या पीककर्जासाठी सभासद जो इकरार लिहून देतो, त्याचा आधार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ४८मध्ये आहे, आणि त्या कलमातला शब्द ‘चार्ज’च आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२मध्ये ‘मॉर्गेज’ आणि ‘चार्ज’ यांची कलमे वेगवेगळी आहेत. गहाण हे कलम ५८मध्ये, बोजा हा कलम १००मध्ये. म्हणून दोन्हींचे भाषांतर ‘गहाण’ असे करू नये.

हा अर्थ कळण्याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. कर्ज फेडले की बोजा आपोआप उतरला असे धरून चालू नका. बँकेकडून किंवा सोसायटीकडून येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या, तो जोडून तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून ‘इतर अधिकार’ रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पोलिस आणि न्यायालय : जुन्नर, मंचर, घोडेगाव यांतल्या कोणत्याही पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला म्हणजे ‘चार्ज’ लागला असे नाही. आधी प्रथम माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर. तपास संपल्यावर पोलिस न्यायालयात दोषारोपपत्र देतात, ती ‘चार्जशीट’. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते, तो खरा ‘चार्ज’. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा क्रम कायम आहे. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. ‘चार्जशीट’ हा शब्द नुसता ऐकून न सोडता तारीख विचारायची ती यासाठी.

विज्ञान : सातवी-आठवीच्या मराठी पुस्तकातला विद्युतप्रभार म्हणजेच ‘इलेक्ट्रिक चार्ज’. धनप्रभार, ऋणप्रभार हे शब्द ज्याला येतात, त्याला अकरावीचे इंग्रजी पुस्तक परके वाटत नाही. मोबाइलच्या बॅटरीवर लिहिलेले मिलिअँपिअर-अवर हेही प्रभाराचेच माप आहे. ५,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे १८,००० कूलोम. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. अंतराळातले प्रभारित कण चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरताना ज्या रेडिओ लहरी सोडतात, त्यांचा अभ्यास तिथे होतो. शाळेची सहल खोडदला नेणाऱ्या शिक्षकांनी ‘चार्ज्ड पार्टिकल’ हा शब्द आदल्या दिवशी फळ्यावर लिहावा.

पायरी ५ : पैशांचा ‘चार्ज’ असेल तर तीन प्रश्न विचारा

समानार्थी शब्दांचा खरा गोंधळ पैशांच्या अर्थात आहे. फी, फेअर, रेंट, टोल, फाइन, प्राइस, कॉस्ट, वेज, कमिशन हे सगळे ‘चार्ज’चे समानार्थी म्हणून शब्दकोशात शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्यातून निवड करताना विचारा: पैसे कोण घेते? कशाबद्दल घेते? ते नाकारता येतात का?

मराठीत आपण ही निवड विचार न करता करतो. एसटीचे भाडे, डॉक्टरची फी, हमालाची हमाली, काटेवाल्याची तोलाई, आडत्याची आडत, ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, कीर्तनकाराची बिदागी, भटजींची दक्षिणा, व्याख्यात्याचे मानधन. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या कांदा-बटाटा बाजारात हमालाला ‘तुमची फी किती?’ असे कुणी विचारत नाही. इंग्रजीतही तेच शिस्तीने करायचे आहे.

डॉक्टर, वकील, शिकवणी अशा जाणकाराच्या कामाला ‘फी’. नारायणगाव आगारातून सुटणाऱ्या एसटीच्या तिकिटाला ‘फेअर’. घर, गाळा यांच्या भाड्याला ‘रेंट’. मराठीत दोन्हींना भाडेच म्हणतात, म्हणून ‘बस रेंट’ ही चूक आपल्याकडे हमखास होते. मजुराच्या मजुरीला ‘वेज’. आडत्याच्या आडतीला ‘कमिशन’. हमाली आणि तोलाईला मात्र ‘चार्जेस’ शोभते: ‘लोडिंग चार्जेस’, ‘वेइंग चार्जेस’. वस्तूच्या किमतीला ‘प्राइस’, ती तयार करायला आलेल्या खर्चाला ‘कॉस्ट’. टोमॅटोच्या क्रेटला बाजारात मिळाली ती प्राइस, आणि रोपे, मल्चिंग, तार-बांबू, औषधे, तोडणी यांवर गेली ती कॉस्ट. दंडाला ‘फाइन’, तो शिक्षा म्हणून असतो, सेवेबद्दल नसतो, म्हणून त्याला ‘चार्ज’ म्हणू नये. मानधन आणि बिदागीला ‘ऑनरेरियम’. ती आदराने दिली जाते, मागून घेतली जात नाही.

वाटेच्या पैशांना ‘टोल’. पुणे-नाशिक महामार्गावर चाळकवाडीला आहे तो टोलनाका. हा शब्द जुन्नरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नसावी, कारण नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा रांजण म्हणूनच ओळखला जातो. कल्याण, सोपाऱ्याकडून देशावर चढणाऱ्या मालाची जकात त्यात टाकत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सातवाहनांच्या काळचा तो घाट आणि आजचा फास्टॅग या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द पुरतो.

पैसे घ्यायचेच नसतील तर ‘फ्री ऑफ चार्ज’, म्हणजे विनामूल्य. ‘चार्ज फ्री’ असे उलटे लिहू नये.

पायरी ६ : उरलेल्या समानार्थी शब्दांची उतरंड लावा

पैशांखेरीजच्या अर्थांत समानार्थी शब्द एकाच पातळीवर नसतात. त्यांना क्रमाने लावले की फरक दिसतो.

आरोपाच्या अर्थात पायऱ्या अशा: ‘ब्लेम’ म्हणजे दोष देणे, तो कुणीही कुणालाही देतो. ‘अक्यूज’ म्हणजे आरोप करणे, यात एखाद्या कृत्याचे नाव घ्यावे लागते. ‘चार्ज’ म्हणजे अधिकृत दोषारोप, तो पोलिस आणि न्यायालयच ठेवू शकतात. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे दोषी ठरवणे, ते फक्त न्यायालय करते. ‘अक्यूज’च्या पुढे ‘ऑफ’ येते आणि ‘चार्ज’च्या पुढे ‘विथ’. परीक्षेत रिकाम्या जागा भरायला लावतात त्या याच. बातमी लिहिणाऱ्यांनी आणि व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणाऱ्यांनी तर ही उतरंड पाठच करावी. ‘चार्ज्ड’ माणसाला ‘दोषी’ लिहिणे हा भाषेचा दोष तर आहेच, शिवाय त्या माणसावर अन्याय आहे.

हल्ल्याच्या अर्थात इतिहास मदतीला येतो. शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर शहर शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये लुटले. ती अचानक घातलेली धाड होती, म्हणून ‘रेड’. किल्ल्याला सैन्याने घेरणे म्हणजे ‘सीज’, वेढा. कोणत्याही प्रकारे हल्ला करणे म्हणजे ‘अटॅक’. घोडदळाने किंवा पायदळाने समोरासमोर वेगाने चाल करून शत्रूवर तुटून पडणे म्हणजे ‘चार्ज’. मराठीतही धाड, वेढा, हल्ला आणि चाल हे शब्द एकमेकांच्या जागी येत नाहीत.

जुन्नर-आंबेगावात हा फरक बिबट्याच्या बातम्यांत रोज लागतो. बिबट्या दबा धरतो आणि जवळून झडप घालतो. झडपेला ‘पाउन्स’ म्हणतात. कोंडीत सापडलेला किंवा डिवचलेला बिबट्या समोरून अंगावर धावून येतो, तेव्हा ‘चार्ज’. इंग्रजी बातमीत ‘अटॅक्ड’ लिहिले असेल तर या दोन्हींपैकी काय घडले ते कळत नाही. ‘चार्ज्ड’ लिहिले असेल तर कळते.

जबाबदारीच्या अर्थात ‘केअर’, ‘कस्टडी’ आणि ‘चार्ज’ यांचा फरक धरा. ‘केअर’मध्ये देखभाल आहे, ‘कस्टडी’मध्ये कायद्याने ठेवलेला ताबा आहे, ‘चार्ज’मध्ये उत्तरदायित्व आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले बिबटे वन विभागाच्या ‘कस्टडी’त असतात, तिथले पशुवैद्यक त्यांची ‘केअर’ घेतात आणि केंद्राचे प्रमुख अधिकारी ‘इन चार्ज’ असतात.

पायरी ७ : शब्दाचे गणगोत जोडा आणि उलटी परीक्षा घ्या

आता ‘चार्ज’ला उपसर्ग लावा. ‘डिस्चार्ज’ म्हणजे भार उतरवणे, मोकळे करणे. रुग्णाला घरी सोडतात तो डिस्चार्ज. पावसाळ्यात डिंभे धरणातून, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागरातून, घोड नदीत पाणी सोडतात तो विसर्ग, तोही डिस्चार्ज, आणि त्याचे माप क्युसेक. जखमेतून वाहतो तो स्राव, बॅटरी उतरते ती क्रिया, आणि आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून न्यायालय आरोपीला सोडते तेही डिस्चार्ज. पूर्ण खटला चालून सुटका झाली तर मात्र ‘अक्विटल’, निर्दोष मुक्तता.

‘रिचार्ज’ म्हणजे पुन्हा भरणे. विहिरीजवळ खड्डा घेऊन, वाळू-खडीतून पावसाचे पाणी गाळून आत सोडतो ते विहीर पुनर्भरण म्हणजे ‘वेल रिचार्ज’. फोनमध्ये पैसे भरणे यालाही आपण रिचार्ज म्हणतो. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मुलांनी तिथे ‘टॉप अप’ म्हणावे. ‘ओव्हरचार्ज’ म्हणजे वाजवीपेक्षा जास्त पैसे लावणे किंवा बॅटरी नको इतकी भरणे. ‘सरचार्ज’ म्हणजे मूळ आकारावर चढवलेला अधिभार.

मग आपल्या नेहमीच्या चुका तपासा. मराठीत ‘माझ्याकडून’ म्हणतो म्हणून ‘चार्ज्ड फ्रॉम मी’ असे तोंडात येते; इंग्रजीत ‘चार्ज्ड मी’ एवढेच पुरते. ‘चार्ज घेतला’ याचे ‘टुक चार्ज’ होते, मध्ये ‘द’ घालू नये. ‘चार्जिंग संपली’ याचे ‘चार्जिंग इज फिनिश्ड’ करू नका. त्याचा अर्थ बॅटरी पूर्ण भरली असा उलटा लागेल. ‘द बॅटरी इज डेड’ म्हणावे.

शेवटी परीक्षा. खालच्या वाक्यांतल्या प्रत्येक ‘चार्ज’पुढे नेमका मराठी अर्थ लिहा.

१. द सोसायटी हॅज अ चार्ज ऑन हिज लँड.
२. देअर इज नो चार्ज फॉर पार्किंग.
३. द गार्ड इन चार्ज ऑफ द केज सेड द लेपर्ड चार्ज्ड ॲट हिम.
४. टू मेन वेअर चार्ज्ड विथ सँड थेफ्ट.
५. ॲन इलेक्ट्रॉन कॅरीज अ निगेटिव्ह चार्ज.
६. चार्ज इट टु माय फादर्स अकाउंट.

उत्तरे अनुक्रमे: बोजा, शुल्क, ताबा किंवा जबाबदारी आणि नंतर धावून येणे, दोषारोप, प्रभार, नावे टाकणे. तिसऱ्या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे. तो सहज सुटला असेल तर शब्द आला असे समजायला हरकत नाही.

कोणता कोश कशासाठी

एकाच कोशावर भिस्त ठेवू नका. मोल्सवर्थ यांनी आरंभ केलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा आहे. जुनी, ठसठशीत मराठी त्यात सापडते, पण वीजबिलाचे शब्द त्यात कुठून असणार? सरकारी आणि कायद्याच्या कागदांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. ते संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. वाक्यातला वापर आणि शेजारचे शब्द बघायला इंग्रजी-इंग्रजी विद्यार्थी-कोश हवाच. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला नुसता शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, आणि आलेले उत्तर तिसऱ्या व चौथ्या पायरीवर घासून बघा.

ही पद्धत ‘चार्ज’पुरती नाही. ‘केस’, ‘नोट’, ‘ऑर्डर’, ‘लाइट’, ‘पॉइंट’, ‘सेट’, ‘रन’ हे शब्द याच जातीचे आहेत आणि यांतले बहुतेक आपल्या बोलण्यात आधीच रुजले आहेत. शिक्षकांनी आठवड्याला एक शब्द घ्यावा आणि मुलांना घरातला असा एक कागद आणायला सांगावे ज्यावर तो शब्द छापलेला आहे. वर्षभरात तीसेक शब्द होतात. समानार्थी शब्दांच्या तीन पानी यादीपेक्षा हे तीस शब्द परीक्षेतही जास्त गुण देतात आणि बँकेच्या खिडकीपाशीही जास्त उपयोगी पडतात. सुरुवात आज घरी आलेल्या वीजबिलापासून करा: सही करण्याआधी, पैसे भरण्याआधी आणि घाबरण्याआधी, तो ‘चार्ज’ कोणता हे विचारा.